मास्तरीण म्हणजे शिकवणारी, की मास्तरांची बायको?

माझी आई तीस वर्षं शाळेत गणित शिकवायची, बाबा ऑफिसात क्लार्क. तरी नवीन कुणी आलं की दारातूनच "मास्तरीणबाईंचं घर ना हे? मास्तर आहेत का?" आणि बाबा म्हणायचे, मास्तर एकच आहे इथे, ती आत वह्या तपासतेय. तर मास्तरीण म्हणजे नक्की कोण? पाटलीण म्हटलं की पाटलाची बायको आणि शिक्षिका म्हटलं की स्वतः शिकवणारी, पण मास्तरीण, डॉक्टरीणबाई दोन्हीकडे चालतात, म्हणजे शब्दावरून कळतच नाही बाईचं डोकं मोजतोय की नवऱ्याचं.

---

संस्कृतात हा घोळ फारसा नाहीये. आचार्या म्हणजे स्वतः शिकवणारी आणि आचार्यानी (न च, ण नाही) म्हणजे आचार्यांची बायको. तसंच उपाध्याया ही स्वतः शिकवणारी, उपाध्यायानी ही बायको, उपाध्यायी तेवढी दोन्हीकडे चालते. नवऱ्यामुळे मिळालेल्या नावाला व्याकरणात 'पुंयोग' म्हणतात. म्हणजे स्वतः शिकवणाऱ्या बाया होत्या म्हणूनच वेगळा शब्द लागला ना? नाहीतर एकात भागलं असतं.

---

यावरून पंडिता रमाबाई आठवल्या. वडिलांनी, म्हणजे अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, घरच्या बायकांना संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष घेतला, आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंचं ज्ञान पारखून 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. लग्न झालं १८८० मध्ये, तेही वकिलाशी. तेव्हा पुंयोगाचा प्रश्नच नाही, पदवी सगळी स्वतःची.

---

कवयित्री पण त्यातलाच. लोक सर्रास 'कवियत्री' लिहितात कारण कवीला शेपूट जोडलंय असं वाटतं, पण तो 'कवयितृ' म्हणजे काव्य करणारा यावरून आलाय, कवीच्या बायकोशी काही संबंध नाही. विदुषीचं मात्र वाईट वाटतं, चांगला शब्द आणि तो निम्म्या वेळा "आल्या मोठ्या विदुषी" असा टोमणा मारायलाच निघतो. विद्वानाला पण टोमणा बसतो म्हणा, पण तो काहीतरी चुकल्यावर. बाईला नुसतं तोंड उघडल्यावर.

---

सगळ्यांना थँक्स, आईला वाचून दाखवलं. आचार्या आवडलं तिला पण म्हणाली, मास्तरांच्या बायकोला मास्तरीण, मग मास्तरणीच्या नवऱ्याला काय? बाबा म्हणतायत त्यांनाही कळलं तर बरं होईल.