शेजारच्या कोळंबी तलावात व्हाइट स्पॉट: उधाणाचं पाणी घेऊ का?

खाजणवाला
खाडीला लागून एक एकराचा तलाव, व्हेनामी जातीची कोळंबी, सव्वा महिन्याचं पीक. पलीकडच्या तलावात व्हाइट स्पॉटची (सालावर पांढरे ठिपके आणणाऱ्या रोगाची) मर सुरू झालीय. दोघांच्या उघाड्या (पाणी आत-बाहेर सोडायची फळ्यांची दारं) एकाच खाडीवर. आमच्या चेक ट्रेमधलं (कोळंबी किती खाते ते बघायच्या ताटातलं) खाद्य अजून वेळेत संपतंय, ठिपके कुठे दिसत नाहीत. परवा उधाण आहे, पाणी बदलायचं होतं. दुकानदार अँटिबायोटिक घ्या म्हणतोय.

पागवाला
पाणी अजिबात घेऊ नका. फळ्यांच्या फटी चिखलाने लिंपा, एअरेटर चालू ठेवा. अँटिबायोटिकचे पैसे वाचवा. ते जिवाणूच्या भिंतीवर किंवा त्याच्या अंतर्गत यंत्रणेवर घाव घालतं, व्हाइट स्पॉट होतो विषाणूने आणि विषाणूकडे यातलं काहीच नसतं. या विषाणूचा कण लांबट अंडाकृती, 250 ते 380 नॅनोमीटर लांब, एका टोकाला शेपटीसारखा धागा. आत दुपदरी डीएनए, साधारण 3 लाख बेस-जोड्यांचा. त्यावर प्रथिनांचं कवच आणि सगळ्यात बाहेर मेदाचं आवरण. कल्ल्यांच्या, जठराच्या, सालाखालच्या पेशीत शिरला की थेट केंद्रकात जातो आणि पेशीलाच स्वतःच्या प्रती काढायला लावतो. 25 अंशांना एक फेरी साधारण 20 तासांत पुरी होते. केंद्रक फुगतं, पेशी फुटते, नवे कण पाण्यात. मेलेली कोळंबी बाकीच्या कुरतडतात, तिथून मर झपाट्याने वाढते. लक्षणं दिसल्यावर 3 ते 10 दिवसांत तलाव रिकामा होऊ शकतो.

चिंबोरी७
ठिपके नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका. व्हेनामीत कित्येकदा ठिपके न येता अंग नुसतं लालसर होतं, साल सैल पडते आणि कोळंबी बांधाच्या कडेला येऊन रेंगाळते. उलट पाण्याची क्षारता (अल्कलिनिटी, खारेपणा नव्हे) फार वाढली किंवा काही जिवाणू लागले तरी पांढरे ठिपके येतात. खात्री पीसीआरनेच. नमुना सुस्त किंवा मरायला टेकलेल्या कोळंबीचा घ्या. कल्ले आणि पोहायचे पाय 95 टक्के इथेनॉलमध्ये टाका, फॉर्मॅलिनमध्ये नको. डोळे देऊ नका, त्यातले घटक चाचणीत अडथळा आणतात. यकृताची ग्रंथीही नको, तिच्या नळ्यांच्या पेशींत हा विषाणू वाढतच नाही.

भरती_ओहोटी
उघाडी बंद केली तरी खेकडे बांधावरून येतात आणि स्वतः न मरता विषाणू बाळगतात. बांधाभोवती अर्धा मीटर उंच प्लास्टिक लावा, खालची कड मातीत पुरून. वरून दोऱ्या ताणा. बगळ्याला ना बांध कळतो ना सातबारा, तिकडची अर्धमेली कोळंबी त्याच्या चोचीतून इकडे पडते. तिकडची जाळी, बादल्या, गमबूट इकडे आणू नका. आणि तापमान बघत राहा. पाणी 32 अंशांच्या वर असलं की विषाणूची वाढ दबते. पहिल्या पावसात पाणी गार होतं, खारेपणाही एकदम उतरतो, तेव्हा दबलेला रोग उसळतो. थंडीतल्या पिकालाही हाच धोका.

खाजणवाला
आणि आलाच तर?

पागवाला
माल विकण्याजोगा असेल तर पाग (फेकायचं जाळं) टाकून लगेच काढा, पाणी सोडून नव्हे. उघाडी उघडलीत तर रोग अख्ख्या खाडीला वाटलात. माल निघाल्यावर ब्लिचिंग पावडर: एक एकर, एक मीटर पाणी म्हणजे 4,047 घनमीटर. घनमीटरला 60 ग्रॅम धरा, 243 किलो होते. हा हिशोब 30 टक्के क्लोरीनच्या पावडरीचा. आपल्या दमट हवेत उघडं पडलेल्या पोत्यातलं क्लोरीन निम्म्यावर येतं, त्यामुळे क्लोरीन किटने तपासा. सडलेलं खाद्य आणि गाळ क्लोरीन खातात, तासाभराने किटमध्ये रंग आला नाही तर आणखी टाका. संध्याकाळी टाका, उन्हात ते उडतं. चुना आधी मारू नका, सामू (पीएच) वाढला की क्लोरीन लुळं पडतं. पाणी 7 दिवस कोंडून ठेवा, क्लोरीन पूर्ण उतरल्यावरच सोडा. मग तळाला भेगा पडेपर्यंत सुकवा. मेदाचं आवरण सुकलं की विषाणू निकामी होतो.

खाजणवाला
शेजारी तीच कोळंबी बाजारात देतोय. खायला चालते?

चिंबोरी७
माणसाला हा विषाणू लागत नाही, खायला हरकत नाही. पण डोकी, सालं आणि धुतल्याचं पाणी खाडीत टाकू नका. बर्फात गोठवूनही विषाणू टिकतो, त्यामुळे ती कोळंबी चिंबोरीच्या सापळ्यात आमिष म्हणूनसुद्धा लावू नये.