मिरामारेच्या वाटेवरचं बार्कोला
'मिरामारे राजवाडा सोडला तर इटलीतल्या त्रिएस्ते शहराच्या त्या टोकाला काही नाही' असं कुणीकुणी म्हणतं, ते काही पटलं नाही बुवा. वाटेतलं बार्कोला हे किनाऱ्यावरचं उपनगर मग काय! तिथला विजय दीपस्तंभ १९२७चा, जुन्या ऑस्ट्रियन किल्ल्याच्या पायावर उभा. खाली 'आउदाचे' युद्धनौकेचा नांगर ठेवलाय. १९१८मध्ये, तोवर ऑस्ट्रियाकडे असलेल्या त्रिएस्तेच्या बंदरात शिरलेली ती पहिली इटालियन नौका. किनाऱ्यावर वाळू औषधालाही नाही, लोक सरळ काँक्रीटच्या अर्धगोल गच्च्यांवर आडवे होतात. वरून त्या मिकी माउसच्या (इटालियनमध्ये 'तोपोलिनो') कानांसारख्या दिसतात, म्हणून नाव 'तोपोलिनी'. जमलं तर ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी जा. तेव्हाच्या बार्कोलाना शर्यतीत २०१८ साली २६८९ शिडाच्या बोटी होत्या! राहायचं मात्र आधीच बघून ठेवा.