प्रतिसाद: ब्रिटनची नर्सिंग नोंदणी – रायटिंगचा अर्धा बँड आणि नावातला फरक

ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणीसाठी आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा; तिचे गुण म्हणजे बँड) दिली, बाकी सगळीकडे ७, पण रायटिंगला ६, म्हणून पहिला निकाल वाया गेला असं मूळ पोस्टमध्ये म्हटलंय; तसं नाही. एनएमसीला (ब्रिटनमध्ये नर्सची नोंदणी करणारी संस्था) रायटिंगमध्ये ६.५ आणि बाकी तिन्हींत ७ लागतात, पण १२ महिन्यांच्या आतल्या दोन परीक्षांचे गुण जोडता येतात. अट एवढीच की दोन्ही वेळा रायटिंग ६ च्या आणि बाकी काही ६.५ च्या खाली नको. म्हणजे पुढच्या खेपेला रायटिंगवर जोर द्या, पण बाकीचं अगदीच सोडू नका.

खरी रखडपट्टी होते ती नावात. आपल्याकडे डिप्लोमावर आडनाव आधी, मधे वडिलांचं नाव. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव, मधे नवऱ्याचं. विवाह नोंदणीचा दाखला आधीच काढून ठेवा. सीबीटी (नोंदणीसाठीची संगणकावरची परीक्षा) बुक करताना पासपोर्टवरचंच नाव जसंच्या तसं टाका. जुळलं नाही तर केंद्रावरून परत पाठवतात.

सीबीटीचा भाग अ म्हणजे १५ गणितं, ३० मिनिटं. '५०० मिली सलाईन ४ तासांत' म्हणजे ताशी १२५ मिली, इतकं सोपं असतं. चुकतं ते मिलिग्रॅम-मायक्रोग्रॅममध्ये. एकच भाग अडला तर तेवढाच पुन्हा द्यायचा.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे तुमच्या इथल्या नोंदणीच्या पडताळणीचा अर्ज लवकर टाका. आणि नोकरी लावून देण्याचे पैसे मागणारा एजंट दिसला की तिथूनच रामराम. उमेदवाराकडून असं शुल्क घेणं ब्रिटनमध्ये बेकायदा आहे.