१० फेकींवरून निकाल नको

नाणं १० वेळा उडवलं, ७ छापे आले, म्हणून ते सदोष, म्हणजे एका बाजूला झुकणारं, असा निष्कर्ष काढलेला दिसला; तो मला पटत नाही. पूर्ण निर्दोष नाणंही १० पैकी ७ किंवा जास्त वेळा एकाच बाजूला पडण्याची शक्यता १०२४ पैकी ३५२, म्हणजे सुमारे ३४ टक्के आहे. तीनातून एकदा घडणाऱ्या गोष्टीवरून काय ठरवणार? तेच १०० फेकींत ७० छापे आले, तर मात्र मी ते नाणं लगेच बाजूला ठेवीन. तिथे प्रमाण विचलन (छाप्यांचा आकडा सरासरीच्या आसपास साधारण किती हलतो याचं माप) ५ असतं आणि आपण ५० या सरासरीपासून चार विचलनं दूर गेलेलो असतो.

खरी अडचण बारीक दोषाची. अनिश्चितता निम्मी करायला फेकी चौपट लागतात. छाप्याची शक्यता ५० टक्के की ५१, हे ओळखायला १०,००० फेकीही काठावरच. गणितज्ञ जॉन केरिच यांनी दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असताना खरोखरच १०,००० वेळा नाणं उडवलं (केवढी चिकाटी!). छापे आले ५,०६७. अपेक्षित ५,००० पासून फरक ६७ चा आणि प्रमाण विचलन ५० चं, तेव्हा संशय घ्यावा असं त्यात काही नाही.

आणि कृपया, किती फेकी करायच्या ते आधीच ठरवा. संशयास्पद आकडा दिसेपर्यंत उडवत राहिलं, तर निर्दोष नाणंही कधीतरी दोषी ठरतंच.