शब्दचर्चा : 'सब्र'ला मराठीत काय म्हणायचं?

मेधा
ऑफिसातल्या मैत्रिणीची आई परवा गेली. मैत्रीण खेडची, कोकणी मुसलमान. ग्रुपवर एकामागून एक 'अल्लाह सब्र दे' असे निरोप येत होते. मी 'धीर धर' लिहिलं आणि पाठवता पाठवता थांबले. सब्र म्हणजे धीर, संयम की आपली सबुरी? चुकीच्या वेळी चुकीचा शब्द जायला नको म्हणून विचारते आहे.

अनंत
सबुरी त्याच शब्दातून आली आहे. आपण 'सबूर!' म्हणतो तेव्हा 'थांब, घाई करू नकोस' एवढंच सांगायचं असतं. शिर्डीच्या 'श्रद्धा-सबुरी'तही वाट पाहण्याचाच भाव आहे. त्यामुळे मला तरी सब्र म्हणजे शांतपणे वाट पाहणं, असंच वाटतं.

नूर
अनंतकाका, मराठीतल्या सबुरीपुरतं तुमचं बरोबर आहे. पण मूळ शब्दात वाट पाहणं दुय्यम आहे. अरबीत स-ब-र या धातूचा अर्थ रोखून धरणं, आवरणं. जीभ तक्रारीपासून आवरायची, हात ऊर बडवण्यापासून, मन निराशेपासून. एखाद्याला बांधून ठेवून मारलं तरी जुनी अरबी हाच धातू वापरते. म्हणजे या शब्दात जोर लागतो, त्यात स्वस्थ बसणं नाही.

अजून एक गंमत नव्हे, पण जुळणारी गोष्ट. याच अक्षरांचा 'सबिर' म्हणजे कोरफड आणि तिचा वाळवलेला कडू रस, आपला काळा बोळ. बाळाचं दूध तोडायला आया जो लावायच्या तोच. सब्र कडू असतं हे अरबी कानाला वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणून मेधाताई, 'संयम' नको. तो राग आवरायला ठीक आहे, मयताच्या घरी कोरडा वाटतो. 'सहन कर' तर मुळीच नको. 'धीर' सगळ्यात जवळचा, कारण तो आपण *धरतो*, आणि तो *सुटतो*ही. फक्त एक फरक आहे. मराठीत धीर माणूस माणसाला देतो. 'अल्लाह सब्र दे' म्हणणारा मात्र म्हणतो की मी देऊ शकत नाही, ज्याच्याकडे आहे त्याने द्यावा.

माझ्या मनात हा शब्द नानीच्या हातासकट आहे. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा माझा धाकटा मामा तिथे ड्रायव्हर होता. कोकणातल्या कितीतरी घरांतला एकेक माणूस तेव्हा तिकडे होता. फोन बंद, पत्र नाही. रेडिओवर बातम्या लागल्या की घरात कुणी भांडंसुद्धा वाजवायचं नाही. नानी फजरला, म्हणजे पहाटेच्या नमाजला, उठायची, विहिरीच्या गार पाण्याने वजू करायची, कोपरापर्यंत हात, तोंड, घोट्यापर्यंत पाय. नमाज झाली की तशीच चटईवर बसून राहायची. तिच्याकडे मण्यांची तसबीह होती, पण ती बोटांच्या पेरांवर मोजायची. सुभानल्लाह तेहतीस, अल्हमदुलिल्लाह तेहतीस, अल्लाहु अकबर चौतीस. मन कुवेतला गेलं की अंगठा पेरावर अडायचा. मग ती अंगठा मागच्या पेरावर नेऊन पुढे चालू करायची. मी सात वर्षांची होते, समोर बसून तो अंगठा बघायचे.

हे तेहतीस-तेहतीस-चौतीस मुळात कुठून आलं ते फार पुढे कळलं. जातं ओढून ओढून पैगंबरांच्या कन्या हजरत फातिमा यांच्या हाताला घट्टे पडले होते, म्हणून त्या वडिलांकडे एखादा नोकर मागायला गेल्या. पैगंबरांनी रात्री येऊन, झोपताना म्हणायला हे शब्द शिकवले आणि सांगितलं की नोकरापेक्षा हे बरं. जात्यावर ओवी गाणाऱ्या आपल्या बायकांना हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नसती.

अनंत
हे वाचून माझं मत बदललं. आता याच्या जोडीचा एक शब्द माझ्याकडून. मोडी कागदांत 'साकीन मौजे अमुक' येतं, म्हणजे राहणार अमुक गावचे. सुकून आणि कुरआनातला 'सकीना', म्हणजे मनाची शांती, हे त्याच धातूचे. धातूचा अर्थ स्थिरावणं, वस्ती करणं. जीव ठिकाणावर येणं म्हणतो ना आपण, तसंच.

पण नूरताई, एक खटकतं. माझ्या ओळखीचा एक मुलगा नोकरी गेल्यापासून झोपत नाही. मशिदीतले एक गृहस्थ त्याला म्हणाले, ईमान, म्हणजे श्रद्धा, पक्कं असेल तर टेन्शन येत नाही, सब्र कर. मग सब्र म्हणजे दुखत असताना दुखत नाही म्हणायचं का?

नूर
नाही. आणि असं बोलणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो, कारण ते त्या मुलाच्या दुःखावर अपराधाचं ओझं ठेवतात.

याकूब नबींचं, म्हणजे प्रेषितांचं, उदाहरण घ्या. मुलगा यूसुफ हरवला तेव्हा त्यांनी जे म्हटलं तेच 'सब्रुन जमील', म्हणजे सुंदर सब्र. आणि कुरआनाच्या त्याच सूऱ्यात, म्हणजे अध्यायात, पुढे येतं की शोकाने त्यांचे डोळे पांढरे झाले. ते म्हणतात, माझं दुःख आणि शोक मी अल्लाहपुढेच मांडतो. नबीचं ईमान कच्चं होतं असं कोण म्हणेल? पैगंबरांचा लहानगा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा तेही रडले. डोळा रडतो, मन दुखतं, पण तोंडून रबला आवडेल तेच काढतो, असं म्हणाले.

एक हदीस, म्हणजे पैगंबरांची आठवण सांगणारी नोंद, तर मेधाताईंच्या प्रश्नाला थेट लागू आहे. एक बाई कबरीपाशी रडत होती. पैगंबर तिला म्हणाले, अल्लाहला भी, सब्र कर. तिने ओळखलं नाही. म्हणाली, जा तुम्ही, माझ्यावर जे गुदरलं ते तुमच्यावर नाही गुदरलं. ते काही न बोलता निघून गेले. ते कोण होते हे नंतर कुणी सांगितल्यावर ती धावत त्यांच्या घरी गेली, तर दाराशी पहारेकरी नव्हते. तेव्हा ते एवढंच म्हणाले की सब्र पहिल्या तडाख्याच्या वेळी असतं.

तणावाचे प्रकारही या भाषेत वेगळे केलेले आहेत. एक रोजची दुआ आहे, 'हम्म' आणि 'हज़न' यांच्यापासून आसरा मागणारी. हम्म म्हणजे पुढे काय होईल याचा घोर, हज़न म्हणजे झालेल्याचं दुःख. त्या मुलाला हम्म आहे, मेधाताईंच्या मैत्रिणीला हज़न. दोघांना एकच 'टेन्शन घेऊ नको' कसं पुरेल?

नोकरीवाल्याला सब्रपेक्षा 'तवक्कुल' जास्त कामाचा. हा शब्द आपल्या 'वकील'च्या धातूचा. तवक्कुल म्हणजे अल्लाहला वकीलपत्र देणं. पण वकील दिला म्हणून आपण तारखेला जायचं सोडतो का? कागद आपल्यालाच जमवावे लागतात. उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू का, असं एकाने पैगंबरांना विचारलं, तर उत्तर आलं, आधी बांध, मग भरवसा ठेव. त्या मुलाने अर्जही करावेत, आणि झोप येत नसेल तर मानसोपचाराच्या डॉक्टरकडेही जावं. औषधोपचार करा असं सांगणारी हदीस आहेच.

नानीचंही तेच होतं. कुवेतची माणसं जॉर्डनमधल्या अम्मानहून विमानाने यायला लागली. त्या दोन महिन्यांत सुमारे १,७०,००० भारतीय परत आले. तिने मोठ्या मामाला मुंबईच्या सहार विमानतळावर पाठवलं, हातात धाकट्याचा फोटो देऊन. 'दुआ मी करते, तू दारात उभा राहा.' तो अकरा दिवस जाऊन उभा राहिला. सप्टेंबरात मामा एका पिशवीनिशी उतरला. नानी तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने रडली.

मेधा
मग मी काय लिहिलं ते सांगते. 'अल्लाह तुला सब्र देवो. रडू आलं तर रड.' धीर धर काढून टाकलं. तिने रात्री फक्त 'आमीन' पाठवलं.

घरी जाताना काय न्यावं?

नूर
जेवण. मूताच्या लढाईत पैगंबरांचे चुलतभाऊ जाफर गेल्याची खबर आली तेव्हा पैगंबर म्हणाले, जाफरच्या घरच्यांसाठी जेवण करा, त्यांना आज सुचणार नाही. आपल्याकडे मयताच्या घरी शेजारी कडू घास नेतात, तेच हे. साधा वरणभात न्या, आणि डबा परत मागू नका, पुन्हा जायला निमित्त राहील.