नवीन बार्बेक्यूला मार्क द्यायचे ते कशावरून? (अनुभव धागा)

टेबलात शिगडी बसवलेली, ठरलेल्या दरात पोटभर सळया वाढणारी हॉटेलं आता आपल्याकडंही उघडायला लागलीत. उघडलं की आठ दिवसांत दोनच मतं कानावर येतात, "लय भारी" नाहीतर "पैसे पाण्यात". दोन्हींतून जेवणाबद्दल काही कळत नाही. कोल्हापूरकराला रश्शाची पारख शिकवावी लागत नाही, वाटी पुढं आली की तवंग बघूनच अर्धा निकाल लागतो. सळईवरच्या मटणा-चिकनाबाबत मात्र आपली नजर अजून तशी बसलेली नाही. म्हणून हा धागा. भट्टी, मसाला, वाढप, बिल यांतलं ज्याला जे नक्की ठाऊक आहे त्यानं ते लिहावं. हॉटेलांची नावं नकोत आणि "आम्ही गेलो होतो तेव्हा" हे पुराण नको. काय बघायचं, किती, आणि बिघडतं ते कशामुळं, एवढंच.

सुरुवात माझ्याकडून. पहिल्या फेरीवर मार्क देऊ नका. ती सगळीकडं चांगलीच असते, सळया लावून तयार असतात आणि मॅनेजर टेबलाशी घुटमळत असतो. दुसरी फेरी मागितल्यावर ती किती मिनिटांत येते, तेवढीच गरम असते का, तुकड्यांचा आकार तोच राहतो का, ते बघा.

शिरोलीची भट्टी

आधी एक गैरसमज काढा. टेबलावरच्या शिगडीवर काही शिजत नसतं. सळई आतल्या तंदूरमध्ये किंवा मोठ्या ग्रिलवर जवळजवळ पूर्ण भाजूनच येते. टेबलावर फक्त ऊब धरायची आणि कडा खरपूस करायच्या. त्यामुळं गप्पांच्या नादात सळई दहा मिनिटं तशीच ठेवली आणि चिकन कोरडं झालं, तर दोष हॉटेलचा नाही. दोन-तीन मिनिटं, मध्ये एकदा फिरवायची, काढायची.

आता कोळसा. पेटवल्यापासून नीट धरायला वीस ते तीस मिनिटं लागतात. वरून राखाडी राखेचा पातळ थर आणि आत लाल, असा निखारा टेबलावर यायला पाहिजे. मध्ये काळे तुकडे दिसत असतील तर घाई झालीय, त्याचा धूर डोळ्यांत जाणार आणि पहिल्या सळईला कडवट वास येणार. तळहात जाळीच्या वर चार-पाच इंचांवर धरा. तीन-चार सेकंदांत काढावा लागला तर आच बरोबर. आठ सेकंद आरामात धरता आला तर ती शिगडी नाही, शोभेची वस्तू आहे.

निखारा साधारण पाऊण तासात बसतो. चांगल्या ठिकाणी न सांगता पोरगा येऊन ट्रे बदलतो. वाईट ठिकाणी वरूनच कच्चा कोळसा टाकतात, मग पुन्हा काळा धूर. आणखी एक, खालच्या जाळीची भोकं राखेनं बुजली की हवा मिळत नाही आणि भरपूर कोळसा असूनही आच मरते. कुपोला, म्हणजे लोखंड वितळवायची भट्टी, चालवणाऱ्याला हे सांगायला नको, पण हॉटेलात राख झटकायचं भान फार कमी जणांना असतं.

पावसाळ्यात कोळसा सादळतो. तडतडून ठिणग्या उडत असतील तर तो ओला आहे. लहान पोरं असतील तर टेबल बदलून मागा.

चटणीडबा

मसाल्याचं सांगते. एक किलो बोनलेस चिकनचा हिशेब धरू, तोही मांडीच्या मासाचा, कारण छातीचं मास सळईवर लवकर सुकतं. पहिला हात: आलं-लसूण वाटण दोन मोठे चमचे, एका लिंबाचा रस, मीठ पंधरा ग्रॅमच्या आत. अर्धा तास. लिंबू लावून चार-पाच तास ठेवलं तर वरचा थर खडूसारखा रवाळ होतो, जिभेला लगेच लागतो. दुसरा हात: चक्का दीडशे ते दोनशे ग्रॅम, कोरडं भाजलेलं बेसन दोन चमचे, तेल तीन चमचे, काश्मिरी मिरची, गरम मसाला. कमीत कमी चार तास.

बिघडतं ते बहुतेक चक्क्यात. दही तीन-चार तास टांगलं नाही तर पाणी राहतं, मसाला तुकड्यावर धरत नाही, घसरून निखाऱ्यावर पडतो. टेबलावर हे ओळखायला सोपं. तुकडा बोटानं दाबा. मसाल्याची साल वेगळी सुटली आणि आत पांढरं बेचव मास दिसलं, तर मसाला आत मुरलेलाच नाही. नुसता लालभडक आणि चवीला काहीच नाही, तर रंग.

आणि आता आपलं दुखणं: "कोल्हापुरी टिक्का". आपली चटणी, म्हणजे कांदा-लसूण मसाला, सरळ मॅरिनेशनमध्ये घालणं ही चूक आहे. तिच्यात खोबरं, तीळ, कांदा, लसूण सगळं आधीच भाजलेलं असतं. निखाऱ्यावर ते दुसऱ्यांदा भाजतं, करपतं आणि कडू होतं. मग कडूपणा झाकायला वरून लिंबू आणि चाट मसाला. जाणता आचारी साध्या मसाल्यात भाजतो आणि शेवटच्या मिनिटाला चटणी तेलात सैल करून ब्रशनं लावतो. तुकड्यावर चटणीचे लाल कण दिसले आणि कण काळे नसले, तर आत माणूस जाणता आहे असं समजा. नुसतं तिखट म्हणजे कोल्हापुरी नव्हे, हे आपणच सांगायला पाहिजे.

तारकटा

चिकन कच्चं आहे का, यावर नेहमी भांडण होतं. हाडाजवळ लालसर दिसलं म्हणजे कच्चंच असं नाही. कोवळ्या कोंबडीचं, त्यातही गोठवून ठेवलेलं मास असेल तर हाडातला रंग झिरपतो आणि पूर्ण शिजल्यावरही हाडाभोवती काळपट-लाल दिसतं. कच्चं ओळखायचं पोतावरून. मास काचेसारखं चमकदार, अर्धपारदर्शक, दाताला लिबलिबीत आणि दाबल्यावर गुलाबी पाणी, तर परत पाठवा. आत 74 अंश सेल्सिअस गाठलं की चिकन खायला सुरक्षित. स्वयंपाकघरात टोचायचा थर्मामीटर आहे का, एवढं विचारलं तरी मॅनेजरचा चेहरा उत्तर देतो.

कोळंबी: अर्धचंद्रासारखी वाकली की झाली. पूर्ण गोल वेटोळं झालं की रबर. दुसऱ्या फेरीची कोळंबी जवळजवळ नेहमी वेटोळं असते, कारण ती आधीच भाजून ठेवलेली पुन्हा गरम केलेली असते.

मासा: आंबा घाट उतरलं की समुद्र, म्हणून ताटात सुरमई येईल अशी आशा धरू नका. ठरलेल्या दरात पोटभर म्हटल्यावर तिथं बासा असतो, गोड्या पाण्यातला पाळीव मासा. वाईट नाही. पण गोठवलेला नीट निथळला नाही तर सळईवर पाणी सुटतं आणि तुकडा भाजण्याऐवजी उकडतो.

भवानी मंडप

मटणावर कुणीच बोलेना?

चटणीडबा

मटणाचे तुकडे सळईवर फार कमी ठिकाणी येतात, आणि येतात तेही आधी कुकरला लावून. बोकडाचं मास निखाऱ्यावर तेवढ्या वेळात मऊ होत नाही. कच्ची पपई लावून करतात, किलोला सालासकट वाटलेली एक-दोन चमचे, दोन-तीन तास. जास्त झाली किंवा रात्रभर राहिली तर धागा उरत नाही, पीठ होतं. तुकडा मऊ आहे पण चावल्यावर ओल्या भाकरीसारखा विरघळतो, तर पपई जास्त झाली.

म्हणून मटणाची परीक्षा शीग कबाबवर घ्या. खिमा यंत्रातून दोनदा काढलेला, चरबी साधारण पाचवा हिस्सा, कांदा घट्ट पिळून. मधोमध मोडून बघा. भुसभुशीत तुटला तर कांद्याचं पाणी राहिलं किंवा चरबी कमी. रबरासारखा ताणला तर खिमा फार मळला, किंवा बेसन-मैदा जास्त. रसाची चमक आणि तुटताना बारीक धागे, तर पास. बहुतेक जागा इथं नापास होतात.

पानात पनीर

शाकाहारी लोक तेवढेच पैसे देतात, कधी पन्नास-शंभर कमी. तेव्हा तीन गोष्टी. एक, शिगडी वेगळी मागा. टेबलावर मिश्र मंडळी असतील तर शिगडीच्या दोन बाजू करून देतात, पण लोणी लावायचा ब्रश आणि चिमटा एकच फिरतो. ब्रशाला दोन डबे आहेत का, हे टेबलावर बसल्या बसल्या दिसतं. दोन, पनीर दीड इंची चौकोन पाहिजे. पातळ कापलं तर कडक होतं, आणि थंड पनीर सरळ निखाऱ्यावर गेलं तर बाहेर करपून आत गार राहतं. तीन, मशरूम आतून पाणी सोडतो, त्यामुळं पहिला घास जपून, जीभ भाजते. भाजलेला अननस सगळीकडं बरा असतो, त्यावर मार्क देऊ नका, साखर आणि दालचिनी कुणालाही जमते.

श्रावणात जाणाऱ्यांनी आधी फोन करून विचारा. मांसाहारी गिऱ्हाईक घटतं, तसे शाकाहारी प्रकार वाढवतात की मेनू तोच ठेवून कमी वाढतात, ठिकाणागणिक फरक पडतो.

वाढपी

सर्व्हिसचं बघायचं तर माणसं मोजा. टेबलावर सळया घेऊन येणाऱ्या एका पोराकडं चार टेबलं असली तर तो पुरतो. सहा-सात झाली की तो धावतो आणि तुम्ही हात वर करून बसता. एका शिगडीवर चार माणसं, फार तर पाच. आठजणांत एक शिगडी दिली तर लगेच दुसरी मागा, नंतर हलवाहलव करत नाहीत.

क्रम बघा. बसल्यापासून दहा मिनिटांत पहिली सळई यायला पाहिजे. आधी कॉर्न, फ्राइज, बटाटा यांचाच मारा होत असेल तर तो हिशेबानं केलेला असतो, पोट भरलं की कोळंबी कमी लागते. बटाटा नम्रपणे परत पाठवायचा. टेबलावर छोटा झेंडा असतो, उभा असेपर्यंत सळया येत राहतात, पाडला की थांबतात. काही पोरं पाणी ठेवता ठेवता झेंडा हळूच आडवा करतात. लक्ष ठेवा, पण पोरावर ओरडू नका. त्याला वरून सांगितलेलं असतं.

रविवारी रात्री साडेआठ ही सगळ्यात वाईट वेळ. सातच्या पहिल्या पाळीला जा, निखारा ताजा आणि आचारीही ताजा. पहिली पाळी किती वाजता उठवतात, ते मात्र बुकिंगलाच विचारा.

रस्सामंडळ

सळया झाल्यावर बुफे. इथं कोल्हापुरात पांढरा रस्सा ठेवल्याशिवाय राहवत नाही, आणि तिथंच फसतात. पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध घातल्यावर उकळी येऊ द्यायची नसते. बुफेच्या भांड्याखाली बर्नर तासभर जळत राहतो, दूध फाटतं, वर तेल आणि खाली दाणे. उपाय साधा आहे, थोडा थोडा आणून ठेवायचा आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. पण गरम पदार्थ 60 अंशांच्या वर ठेवणंही भाग असतं, म्हणजे बर्नर बंद करून चालत नाही. झाकण काढून डावानं तळापासून हलवा. एकसारखा दुधट रंग आला तर घ्या. दाणे वर आले तर सोडा, बिर्याणीकडं वळा.

तांबड्याचं उलट. तो ठेवून मुरतो. फक्त वर तवंग लाल दिसतो म्हणून खूश होऊ नका, चमचाभर पिऊन बघा. मटणाचा अर्क नसेल तर नुसतं तिखट पाणी लागतं.

पावतीवाला

बिल वाचायला शिका. दर 800 अधिक टॅक्स असेल तर साध्या रेस्टॉरंटला जीएसटी 5 टक्के, अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. माणशी 840, चारजणांचे 3360. त्यात 10 टक्के सर्व्हिस चार्ज आधीच घातला असेल तर जीएसटी त्यावरही लागतो: 880 वर 44, म्हणजे 924, चारजणांचे 3696. फरक 336 रुपये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. काढायला सांगा. नाही काढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. पोरानं चांगलं वाढलं असेल तर टीप त्याच्या हातात द्या.

बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, चौदा आकडी नंबर असायला पाहिजे. नसेल तर स्वयंपाकघराबद्दल वेगळं विचारायची गरज उरत नाही. मुलांचा दर कुठं वयावर, कुठं उंचीवर. उरलेलं बांधून देत नाहीत, आणि काही ठिकाणी ताटात टाकलेल्याचे पैसे लावतात. दोन्ही बुकिंगलाच विचारा.

तारकटा

नवीन हॉटेलला महिनाभर सवलत द्यावी, असं म्हणणारे येतील. वाढपात द्या. पोरं नवीन असतात, टेबल नंबर चुकतात. कच्च्या चिकनला आणि विझलेल्या शिगडीला देऊ नका. दर पहिल्या दिवसापासून पूर्ण घेतात.

भवानी मंडप

चारजण गेलो तर मागवायचं कोणत्या क्रमानं?

शिरोलीची भट्टी

निखारा चढा असताना कोळंबी आणि मासा, त्यांना वेळ कमी लागतो. मग चिकन, मग शीग. पनीर-मशरूम मधूनमधून. मसाला जाळीला चिकटून करपायला लागला की जाळी पुसून मागा, नाहीतर पुढच्या प्रत्येक सळईला आधीचीच चव लागते. आणि बुफेला उठायच्या आधी शिगडी उचलून न्यायला सांगा. परत येऊन ताट ठेवताना कोपर भाजतं.