फक्त समुद्रासाठी जायचं असेल तर अंदमान नको, लक्षद्वीप करा

आगबोट
दिवाळी जवळ आली की आमच्याकडे ऑफिसात आणि नात्यात हाच विषय निघतो, अंदमान का लक्षद्वीप. आणि बहुतेक जण शेवटी अंदमान बुक करून मोकळे होतात, कारण टूरवाल्यांकडे तेच पॅकेज तयार असतं. मी दोन्हीकडे जाऊन आलोय आणि माझं मत पक्कं आहे. इतिहास, जंगल, साइटसीइंग हे सगळं हवं असेल तर अंदमान, वाद नाही. पण ज्यांना नुसता समुद्र हवाय, पोहायचंय, स्नॉर्कलिंग करायचंय, दुपारभर पाण्यात डुंबून संध्याकाळी वाळूवर पडून राहायचंय, त्यांनी लक्षद्वीपच करावं.

कारण बेटांच्या घडणीतच आहे. लक्षद्वीप सगळं प्रवाळाचं. बेटाच्या एका अंगाला प्रवाळाची भिंत आणि भिंतीच्या आत लगून, म्हणजे अडलेलं समुद्राचं पाणी. मोठी लाट बाहेर भिंतीवरच फुटते, त्यामुळे आतलं पाणी उथळ आणि शांत, आणि बेटावर नदी-नाला काहीच नसल्यामुळे गाळ येत नाही, तळ स्वच्छ दिसतो. ज्याला पोहता येत नाही तो सुद्धा लाइफ जॅकेट घालून नुसतं तोंड पाण्यात घालतो आणि खाली मासेच मासे. अंदमान म्हणजे समुद्रात बुडालेल्या डोंगररांगेचे माथे, तिथे घनदाट जंगल, खाड्या, खारफुटी, पाऊस पडला की माती पाण्यात येते. सुंदर आहेच. पण लक्षद्वीपच्या बंगारम किंवा कदमत बेटाच्या लगूनला जो रंग आहे तो मला अंदमानात कुठे सापडला नाही.

दुसरं म्हणजे वेळ. अंदमानच्या ठरावीक पॅकेजमध्ये पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) उतरा, सेल्युलर जेल बघा, दुसऱ्या दिवशी पहाटे बॅगा बांधून फेरीबोटीच्या लाइनीत, हॅवलॉक बेटावर पोचा, मग एलिफंट बीचच्या बोटीची लाइन, तिथे गाइड तुम्हाला ट्यूबला धरून ओढत एक चक्कर मारून आणतो आणि झालं तुमचं स्नॉर्कलिंग. तिथल्याच राधानगर बीचला संध्याकाळी गर्दी. टाइम मासिकानं २००४ साली त्याला आशियातला सगळ्यात चांगला बीच म्हटलं होतं आणि किनारा खरंच तसा आहे, लांबरुंद, मागे उंच झाडं. पण तासभर थांबून निघायचं असेल तर त्याचा काय उपयोग?

नाशिकची_केतकी
आगबोट, तुम्ही एकटे किंवा मित्रांबरोबर गेला असाल असं वाटतंय 🙂 कुटुंब घेऊन जाणाऱ्यांचा विचार करा जरा.

लक्षद्वीप म्हणजे तिकीट काढलं आणि निघालो असं ठिकाणच नाही. आपण भारतीय असूनही आधी एंट्री परमिट काढायचं, त्यासाठी पोलिसांचा दाखला वगैरे, मग कोचीपर्यंत जायचं, आणि तिथून एक तर अगत्ती बेटावर जाणारं छोटं विमान नाहीतर जहाज. जहाजाला बेटानुसार चौदा ते अठरा तास. बरं, काही बेटांवर जहाज धक्क्याला लागतच नाही, बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि तुम्हाला हलत्या जहाजातून हलत्या होडीत उतरावं लागतं. माझ्या सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचा त्रास आहे, त्यांनी हे कसं करायचं?

अंदमानला आम्ही सगळे गेलो, सासू-सासरे, मुलं, नणंद, तिची मुलं. सगळीकडे व्हीलचेअर मिळाली असं नाही पण कुठे अडलो नाही. आणि सेल्युलर जेल तुम्ही "साइटसीइंग" मध्ये टाकून दिलंत ते मला अजिबात पटलं नाही. सावरकर १९११ ते १९२१ तिथे होते, त्यांचे थोरले भाऊ बाबाराव पण त्याच तुरुंगात. सातपैकी तीनच विंग आता उभ्या आहेत. सासऱ्यांनी कोठडीच्या दाराशी चप्पल काढली आणि बराच वेळ आत उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. माझा मुलगा आठवीत आहे, त्याने हॉटेलवर आल्यावर स्वतःहून विचारलं की कोलू (तेलाचा घाणा) म्हणजे नक्की काय, माणसाला बैलासारखं का जुंपायचे. हे त्याला शाळेत कितीही शिकवलं तरी तसं पोचलं नसतं. एका सुट्टीत समुद्र पण मिळतोय आणि हे पण मिळतंय तर फक्त पाण्याच्या रंगासाठी एवढा खटाटोप का करायचा?

आगबोट
केतकी, जेलबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्याच्याशी शंभर टक्के सहमत, प्रत्येक मराठी माणसाने एकदा तिथे जावंच. पण धागा बीचच्या सुट्टीचा आहे. जेल बघायला जा, त्यासाठी वेगळी ट्रिप करा, ती तेवढ्या मोलाची आहे.

परमिटचा बाऊ खूप केला जातो. दोन-तीन महिने आधी सुरुवात केली तर होतं. आणि विमानाने गेलात तर जहाजाचा प्रश्नच नाही, कोचीहून अगत्ती दीड तासाच्या आसपास. २०२४ पासून गोव्याहूनही छोटं विमान सुरू झालं, त्यामुळे कोकण-कोल्हापूरवाल्यांना ते सोयीचं, फक्त तुमच्या तारखांना चालू आहे का ते बघून घ्या. उतरताना खिडकीजवळ बसा, धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना समुद्रच आहे.

शिंपला
मी डायव्हिंग करतो त्यामुळे माझा मुद्दा पाण्याखालचा.

पहिल्यांदा स्कूबा करणाऱ्याने हॅवलॉकला जावं. तिथे डाइव्ह सेंटर भरपूर, इन्स्ट्रक्टर शिकलेले, कोर्स करायचा तर राहण्या-खाण्याची सोय बजेटमध्ये, एक सेंटर नाही आवडलं तर शेजारच्याकडे जाता येतं. लक्षद्वीपला चॉइस कमी आहे. आणि आगबोट, तुम्ही जो लगूनचा उथळपणा गुण म्हणून सांगताय तोच उन्हाळ्यात घात करतो. उथळ पाणी लवकर तापतं. पाणी बरेच दिवस जास्त तापलेलं राहिलं की प्रवाळ आपल्या आत राहणारं शेवाळ बाहेर टाकतं, त्या शेवाळावरच त्याचं अन्न आणि रंग दोन्ही असतं, म्हणून ते पांढरं पडतं, आणि पाणी वेळेत गार नाही झालं तर मरतं. लक्षद्वीपला १९९८, २०१०, २०१६ आणि आता २०२४ ला हे झालं. २०२४ चं तर खूपच वाईट होतं. तेव्हा तिथे गेल्यावर सगळीकडे रंगीबेरंगी कोरल (प्रवाळ) दिसेल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. मासे दिसतील, कासवं तर हमखास दिसतील, पण कोरलची बरीच मोडतोड दिसेल.

अंदमानला पण २०१० ला मोठा फटका बसलाय, ते सुटलेलं नाही. पण तिथे खोल पाण्यातल्या साइट्स जास्त आहेत, एक खराब असेल तर दुसरीकडे जाता येतं.

सागरगोटे
मी मालवणचा, कामाला मुंबईत. आमच्याकडे तारकर्लीला स्कूबा होतं, तळाशीलला वाळू आहे, त्यामुळे नुसत्या बीचसाठी मला कुठे जायची गरज नाही असं मला वाटायचं. पण लक्षद्वीप वेगळंच आहे. आगबोटला माझं मत 👍

मी जहाजाच्या पॅकेजने गेलो, रात्री प्रवास आणि दिवसा एकेक बेट, कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय. मिनिकॉयबद्दल कोणी लिहीलं नाही म्हणून लिहितोय. बाकीची बेटं मल्याळम बोलतात, मिनिकॉयला महल बोलतात, ती मालदीवच्या भाषेची बहीण, कारण ते बेट मालदीवच्या अगदी जवळ. तिथलं दीपगृह १८८५ चं आहे, वर चढलं की अख्खं बेट आणि अख्खी लगून एका नजरेत येते. आणि कुपा मासा (टूना) ते गळाने पकडतात, जाळ्याने नाही. होडीच्या टाकीत छोटे जिवंत मासे ठेवलेले असतात, ते पाण्यात फेकले की कुप्यांची झुंड वर येते, मग होडीच्या मागच्या टोकाला ओळीने उभे राहून काठीने एकेक मासा सरळ होडीत. आमचा पर्ससीनचा (मोठ्या जाळ्याने एकदम मासे ओढणाऱ्या बोटींचा) वाद ज्याला माहितीय त्याला कळेल की हे बघून मला काय वाटलं असेल. तोच कुपा उकडून, धुरावर धरून, उन्हात वाळवून मासमीन करतात, लाकडासारखा टणक, महिनोन् महिने टिकतो.

शाकाहारी लोकांनी मात्र भात, सांबार, एखादी भाजी, केळी याच्यापुढे फार अपेक्षा ठेवू नये. आणि दारूबंदी आहे, बंगारम सोडून. माझ्या मते हे चांगलंच आहे, बेटांवर शांतता त्यामुळेच आहे.

रानपाखरू
सगळं वाचलं. मला दोन्ही बाजूंना एक विचारायचंय, तिथल्या लोकांचं काय?

लक्षद्वीपचं एकूण क्षेत्रफळ ३२ चौरस किलोमीटर. वस्ती फक्त दहा बेटांवर, २०११ च्या जनगणनेत चौसष्ट हजार माणसं. वाळूच्या खाली खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक पातळ थर तरंगत असतो, विहिरींना येतं ते तेच पाणी. जास्त उपसलं की खालून खारं वर चढतं. कवरत्तीला २००५ पासून समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प आहे तो काही हौसेने नाही लावलेला. प्लास्टिक टाकायला जागा नाही, ते परत मुख्य भूमीवर आणायचं तर त्याच जहाजांतून. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान तिथे गेले, मालदीवशी वाद झाला आणि एका रात्रीत सगळ्या देशाला लक्षद्वीपला जायचं होतं. ते सगळे खरंच गेले असते तर काय झालं असतं? म्हणून माझं म्हणणं आगबोटच्या बरोबर उलट आहे. लगून इतकी नाजूक आहे म्हणूनच आपण तिथे झुंबड करू नये. अंदमान आकाराने कितीतरी मोठं आहे, राहायच्या जागा आहेत, तिथे जा.

पण अंदमानला गेलात तर चुनखडीच्या गुहा बघायला बाराटांग बेटाच्या रस्त्याने जाऊ नका, हे हात जोडून सांगते. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्यांचा ताफा सोडतात, थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत असे नियम आहेत, आणि तरीही २०१२ मध्ये पर्यटकांसमोर जारवा बायकांना नाचायला लावल्याचा व्हिडिओ बाहेर आला होता. गाडीतले निम्मे लोक चुनखडीच्या गुहांच्या नावाने "ते दिसतात का" म्हणून काचेला नाक लावून बसतात. गुहा बघायच्याच तर समुद्रमार्गे बोट चालू आहे का ते विचारा.

आगबोट
रानपाखरू, जारवांबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. मी त्या रस्त्याने गेलो नव्हतो आणि कोणाला जायला सांगणार नाही.

पाण्याचा मुद्दा खरा आहे. पण त्यातून तुम्ही जो निष्कर्ष काढताय तो मला मान्य नाही. लक्षद्वीपला निदान परमिट आहे, जहाजात जागा मोजक्या आहेत, विमानं छोटी आहेत, त्यामुळे किती लोक येणार यावर आपोआप बंधन आहे. केतकीला ज्याचा त्रास वाटतो तेच परमिट ते बेट वाचवतंय. अंदमानला असं काही बंधन नाही, हॅवलॉकला सीझनमध्ये जाऊन बघा, तिथेही पाणी आणि कचरा हा प्रश्न आहेच, फक्त बेट मोठं असल्यामुळे तो आपल्याला हॉटेलातून दिसत नाही. जाणाऱ्याने नीट जावं. वस्तीच्या बेटावर अंगभर कपडे घालून फिरावं, प्लास्टिक परत आणावं, कोरलवर पाय ठेवू नये, स्थानिक माणसाच्या घरी किंवा छोट्या जागी राहावं म्हणजे पैसे तिथेच राहतात. आणि तिथल्या पोरांना पर्यटनातून कामं हवी आहेत हेही मी त्यांच्या तोंडून ऐकलंय. आपण इथे बसून त्यांच्या वतीने "येऊ नका" म्हणणं मला बरोबर वाटत नाही.

रानपाखरू
कामं हवी आहेत हे बरोबर, पण किती माणसं यावीत हे ठरवायचा हक्क पण त्यांचाच हवा. आज ते परमिट आहे, उद्या मोठी रिसॉर्ट आली की तेच परमिट दोन मिनिटांत मिळायला लागेल. तेव्हा तुमचा हा "आपोआप बंधन" वाला मुद्दा कुठे जाईल?

नाशिकची_केतकी
मला अजून एक सांगायचंय आणि माझ्यासाठी हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. दवाखाना. अंदमानला पोर्ट ब्लेअरला मोठं सरकारी हॉस्पिटल आहे, बाकी बेटांवरून तिथे आणतात. लक्षद्वीपला गंभीर काही झालं तर हेलिकॉप्टरने कोचीला हलवतात, आणि ते हवामानावर. सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झालीये, मी एवढी जोखीम घेणार नाही, पाणी कितीही निळं असू दे.

शिंपला
+१. डायव्हिंग करणाऱ्यांनीही हे डोक्यात ठेवा.

आणि अंदमानला जाणाऱ्यांसाठी, तिथे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, घड्याळ आपलंच पण बेटं खूप पूर्वेला. त्यामुळे सकाळी सहाला पाण्यात उतरा, आगबोट म्हणतात ती गर्दी तुम्हाला लागणारच नाही. फक्त मगरीचे बोर्ड असतील तिथे बोर्डाचं ऐका. खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत तिथे, माणसं गेलेली आहेत.

आगबोट
केतकी, हृदयाचा त्रास असलेलं कोणी बरोबर असेल तर अंदमानच करा, मीही माझ्या घरच्यांना तेच सांगेन. मी जे लिहिलंय ते धडधाकट माणसांसाठी, मित्रमंडळी, नवरा-बायको, पोहता येणारी मोठी मुलं असलेलं कुटुंब. त्यांच्यासाठी मात्र माझं मत तेच, लक्षद्वीप.

सागरगोटे
दिवाळीत जाणाऱ्यांनी अंदमानचं हवामान बघून घ्या हां, नोव्हेंबरात तिकडे परतीचा पाऊस आणि वादळं असतात, फेरीबोटी रद्द होतात. लक्षद्वीपला मे मध्यापासून सप्टेंबर मध्यापर्यंत समुद्र खवळलेला. दोन्हीकडे जानेवारी ते मार्च उत्तम. आगबोट, तुम्ही कदमतला राहिलात का बंगारमला? फेब्रुवारीत बायकोला घेऊन परत जायचं म्हणतोय, आणि तिला तंबूत राहायला चालेल.

आगबोट
कदमतला. बंगारमला दिवसाचा फेरा मारला. तंबू चालत असेल तर बंगारमच्या शेजारचं तिन्नकरा बघा. परमिटवर ज्या बेटांची नावं असतील तिथेच जाता येतं, म्हणून अर्ज करतानाच सगळी बेटं लिहा.